फडताळातला जुना कागद: नामवंतांचे निधन आणि सामूहिक दुर्घटना यांना आपण किती जागा देतो?

अनघा_कोथरूड
सोमवार, रात्री ९.४०

दिवाळीच्या साफसफाईसाठी काल स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या सर्वांत वरच्या कप्प्यातले डबे उतरवले आणि त्यांच्याखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद हाती आला. तो फेब्रुवारी २०१८ च्या अखेरचा होता. पितळी डब्याच्या बुडाचा गोल डाग श्रीदेवीच्या छायाचित्राच्या कडेला उमटला होता. पहिले पान जवळजवळ पूर्ण तिच्याच निधनाच्या बातमीने भरले होते. पान उलटले तर मागच्या बाजूला, एका जाहिरातीच्या डोक्यावर, बोटभर उंचीची बातमी होती: बिहारमधल्या मुझफ्फरपूर जिल्ह्यात शाळेतून निघालेली नऊ मुले भरधाव गाडीखाली सापडून मरण पावली. दोन्ही घटना २४ फेब्रुवारी २०१८ च्या.

श्रीदेवीच्या निधनाची बातमी ऐकली तेव्हा मी कुठे उभी होते, हे मला आजही सांगता येईल. दुबईतल्या हॉटेलच्या न्हाणीघराची चित्रे वाहिन्यांनी कशी पुन्हा पुन्हा दाखवली, तेही आठवते. त्या नऊ मुलांविषयी मात्र मला काहीही आठवत नाही आणि तो कागद मीच माझ्या हातांनी अंथरला होता. या गोष्टीने मी खरोखर अस्वस्थ झाले आहे. हा कौल वर्तमानपत्राने दिला की माझ्यासारख्या वाचकांनी? आणि एका व्यक्तीच्या जाण्याने आपण हेलावतो, तेव्हा नऊ मुलांवर काही अन्याय करतो का? आपले अनुभव वाचायला आवडतील.

सिंहगडरस्ता
सोमवार, रात्री १०.०५

याचे उत्तर अंतरात आहे. मुझफ्फरपूर पुण्यापासून फार लांब आहे आणि श्रीदेवी आपल्या दिवाणखान्यात होती. जून २०२५ मध्ये इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल पडला, त्यात चार जण गेले. आकडा लहान असूनही पुण्यातल्या प्रत्येक घरात त्याची चर्चा झाली, कारण आपल्यापैकी अनेक जण पावसाळ्यात त्या पुलावर उभे राहिलेले आहेत.

सळई_आणि_सिमेंट
सोमवार, रात्री ११.१२

सिंहगडरस्ता यांचे म्हणणे मला पटत नाही, कारण मी ज्या व्यवसायात आहे तेथे हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. मी स्थापत्य अभियंता आहे आणि पंचवीस वर्षे पुण्याच्या वेगवेगळ्या साइटवर उभा राहिलो आहे.

३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात एका बांधकामावर पायासाठी बांधलेली लोखंडी सळ्यांची जाळी कोसळली आणि तिच्याखाली पाच मजूर गेले. तीन दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, लताबाई गेल्या. त्या आठवड्यात पुण्यात जी जी माणसे मला भेटली, त्यांच्याशी मी लताबाईंविषयी बोललो. येरवड्याविषयी फक्त आम्ही साइटवरची माणसे आपसांत बोलत होतो आणि तेसुद्धा हलक्या आवाजात. २९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, त्यात पंधरा जण गेले आणि त्यांत लहान मुलेही होती. येरवडा आणि कोंढवा ही दोन्ही ठिकाणे कोथरूडपासून तासाभराच्या आतली आहेत. तरीही ती माणसे बिहारची होती, म्हणून मुझफ्फरपूरइतकीच लांब राहिली.

साइटवर अशा माणसांची नावे मुकादमाच्या हजेरीच्या वहीत असतात आणि बऱ्याचदा आडनावाशिवाय असतात. अपघात झाला की सर्वांत आधी ती वही शोधावी लागते. बातमीला नाव हवे असते आणि नाव त्या वहीत, पत्र्याच्या खोलीत, ढिगाऱ्याखाली असते. हे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून लिहितो.

जिल्हापान
मंगळवार, सकाळी ७.३०

मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर बावीस वर्षे उपसंपादक होतो, आता निवृत्त आहे. अनघाताईंच्या प्रश्नाचे उत्तर देणे मी टाळू शकत नाही, कारण तशी बोटभर बातमी लावणाऱ्या हातांपैकी माझा एक हात होता.

नामवंतांच्या निधनाची बातमी अचानक येत असली तरी तिचा मजकूर बहुतेक वेळा आधीच तयार असतो. वय झालेल्या किंवा आजारी असलेल्या मोठ्या व्यक्तींचे मृत्युलेख लिहून ठेवलेले असतात, छायाचित्रे निवडलेली असतात, कोणाकडून आठवणी मागवायच्या याची यादी असते. रात्री अकरालाही चार पाने उभी राहतात. तालुक्याच्या वार्ताहराचा फोन मात्र संध्याकाळी उशिरा येतो, त्याला बातमीमागे थोडेसे मानधन मिळते, घटनास्थळी जायला स्वतःच्या दुचाकीत स्वतःच पेट्रोल घालावे लागते, आणि त्याच्याजवळ त्या क्षणी गावाचे नाव आणि मृतांचा आकडा यापलीकडे काही नसते. म्हणून आकडा छापला जातो.

एक प्रसंग सांगतो. एका उन्हाळ्यात घाटात वऱ्हाडाचा टेम्पो उलटला. 'सात ठार' एवढे कळले तेव्हा पान लावून झाले होते. मी तळाशी असलेली एक छोटी जाहिरात सरकवून एका स्तंभाची जागा केली आणि पाच ओळींत बातमी बसवली. पहाटे पावणेदोनला वार्ताहराने सातही नावे वयांसह फोनवर सांगितली, मी ती वहीत उतरवून घेतली, पण आवृत्ती निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी बैठकीत मी नावे छापू या असे म्हटले, तेव्हा ती शिळी बातमी आहे असे ठरले, आणि मी आग्रह धरला नाही. तो आग्रह मी धरायला हवा होता, असे मला आजही वाटते.

योहान गाल्टुंग आणि मारी रूज या दोन नॉर्वेजियन अभ्यासकांनी १९६५ मध्ये बातमी कशाने बातमी ठरते याची मांडणी केली, तिच्यात मोठ्या माणसांचा संबंध आणि मोठ्या राष्ट्रांचा संबंध हे दोन निकष होते. आम्ही ती मांडणी वाचलेली नव्हती, तरी रोज रात्री नेमके तेच करत होतो.

रसिका_ब
मंगळवार, दुपारी १.१५

मला दुसऱ्या बाजूने बोलायचे आहे, कारण या चर्चेत नामवंतांसाठी रडणारी माणसे उथळ ठरू लागली आहेत असे मला वाटते.

६ फेब्रुवारी २०२२ हा रविवार होता. सकाळी बातमी आली तेव्हा माझी आई तांदूळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवले, देवघराशी गेली, दिवा लावला आणि पुन्हा येऊन तेच तांदूळ निवडू लागली. बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "तुझे बाबा पहिल्यांदा घरी आले होते ना, तेव्हा रेडिओवर बाईच गात होत्या." माझे वडील २०१५ मध्ये गेले. त्या सकाळी आई लताबाईंसाठी रडली की वडिलांसाठी, हे मला वेगळे करता येणार नाही, आणि तसे करण्याचा कोणाला अधिकार आहे असेही मला वाटत नाही.

ज्यांचा आवाज किंवा चेहरा चाळीस वर्षे आपल्या घरात वावरला, त्यांच्या जाण्याने आपल्या आयुष्याचा एक तुकडा जातो. येरवड्याच्या पाच जणांवर अन्याय झाला तो माझ्या आईच्या रडण्याने झाला नाही. ज्यांनी ती जाळी नीट बांधली नाही आणि ज्यांनी ती तपासली नाही, त्यांनी तो केला.

सळई_आणि_सिमेंट
मंगळवार, दुपारी १.४०

रसिकाताई, आपल्या आईंच्या दुःखाविषयी माझ्या मनात आदरच आहे, कारण त्या दिवशी मीही रडलो होतो. माझे म्हणणे इतकेच आहे की जाळी कोणी तपासली नाही हा प्रश्न विचारण्यासाठी आधी कोणीतरी त्या जाळीकडे पाहायला हवे. लोक पाहत राहिले तर चौकशी पुढे सरकते आणि त्यांनी पाहणे थांबवले की पुढच्या साइटवर तीच जाळी तशीच बांधली जाते.

आकडेमोड
मंगळवार, सायंकाळी ६.२०

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून या विषयावरचे दोन अभ्यास मांडतो.

पहिला अभ्यास डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांच्या हातात पाच डॉलर देऊन त्यांतले किती दान करता, असे त्यांना विचारण्यात आले. काहींना आफ्रिकेतल्या सात वर्षांच्या एका मुलीची माहिती आणि छायाचित्र दिले, काहींना लाखो उपाशी लोकांची आकडेवारी दिली. मुलीसाठी मिळालेले दान आकडेवारीवर मिळालेल्या दानाच्या दुपटीहून अधिक होते. तिसऱ्या गटाला मुलगी आणि आकडेवारी दोन्ही दिली, तेव्हा दान मुलीच्या आकड्यापेक्षा बरेच घसरले. आकडेवारीने भर पडत नाही, उलट एका चेहऱ्याने जागवलेली कणव तिच्यामुळे ओसरते, असा त्याचा अर्थ आहे.

दुसरा अभ्यास थॉमस आयझेन्से आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग यांचा, तोही २००७ चा. त्यांनी १९६८ ते २००२ या काळातल्या सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती, अमेरिकी दूरचित्रवाणीवरील बातम्या आणि अमेरिकी सरकारची मदत यांची सांगड घातली. ऑलिंपिकच्या काळात एखादी आपत्ती आली, तर तिला इतर दिवसांइतकीच मदतीची शक्यता लाभण्यासाठी तिप्पट माणसे मरावी लागत होती. ज्वालामुखीत एक माणूस गेला तर जितके वृत्तांकन मिळण्याची शक्यता होती, तितक्याच शक्यतेसाठी अन्नटंचाईत जवळजवळ ४०,००० माणसे जावी लागत होती. वर्तमानपत्रात जागा किती मिळाली हा केवळ मानाचा प्रश्न नसून त्यावर ताडपत्र्या, औषधे आणि धान्य अवलंबून असते, हे मला यातून सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, म्हणजे दररोज सरासरी साडेचारशेहून अधिक. ही माणसे एकाच दिवशी एकाच ठिकाणी गेली असती तर देश थांबला असता. ती रोज वेगवेगळ्या रस्त्यांवर जातात, म्हणून कोणीच थांबत नाही.

सिंहगडरस्ता
मंगळवार, रात्री ८.५०

कालच्या त्रोटक उत्तराबद्दल सळई यांनी मला विचारात पाडले आणि त्यांचा मुद्दा मी मान्य करतो. अंतर हे जातीचे, भाषेचे आणि मजुरीचेही असते.

एक गोष्ट मात्र जोडतो. १४ जून २०२३ ला ग्रीसच्या पायलोसजवळ स्थलांतरितांची बोट बुडाली. तिच्यावर सुमारे ७५० माणसे असल्याचा अंदाज होता आणि १०४ वाचली. चारच दिवसांनी टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली पाच जणांची पाणबुडी बेपत्ता झाली आणि साऱ्या जगाने पुढचे चार दिवस तिच्यातला प्राणवायू किती तास पुरेल याची गणिते केली. यात श्रीमंतीचा भाग होताच, पण उत्कंठेचाही होता. २००६ मध्ये कुरुक्षेत्राजवळच्या एका खेड्यातला पाच वर्षांचा मुलगा बोअरवेलच्या खड्ड्यात पडला, तेव्हा तो गरीब घरचा असूनही त्याला वर काढेपर्यंत देश टीव्हीसमोर बसून होता. ज्या घटनेचा शेवट अजून व्हायचा आहे, तिच्याकडे माणूस बघतो. बुडालेल्या बोटीचा शेवट बातमी येण्याआधीच झालेला असतो.

घोडनदी
बुधवार, सकाळी ६.४५

मी आंबेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. माळीणविषयी येथे कोणीतरी लिहिणार, म्हणून मीच लिहितो.

३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला. बाहेरच्या जगाला ते प्रथम एसटीच्या चालकामुळे कळले, कारण तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला आणि ज्या ठिकाणी गाव असायचे तेथे चिखल होता. त्या दिवशी नामवंत कोणीही गेले नव्हते आणि पुणे जवळ होते, म्हणून माळीणला भरपूर प्रसिद्धी मिळाली. वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनची रांग डिंभ्याच्या रस्त्याला लागलेली मी पाहिली. एनडीआरएफचे जवान पावसात रात्रंदिवस चिखल उपसत होते, आणि मृतांचा आकडा १५१ वर थांबेपर्यंत तो रोज पडद्याच्या कोपऱ्यात वाढत होता.

त्या गर्दीत एका तरुण वार्ताहराने मला विचारले, "सर, तुमचे कोणी गेले आहे का?" मी सांगितले की माझी एक विद्यार्थिनी तेथे सासरी होती. त्याने विचारले, "मुलगी जवळची होती का?" मी म्हणालो की चौथीत ती पहिल्या बाकावर बसायची, पाढे म्हणताना पायाच्या अंगठ्याने जमिनीवर ताल धरायची, आणि सतरा ते एकोणीसच्या पाढ्यांत तिचा ताल कधी चुकला नाही. त्याने ते लिहून घेतले नाही. त्याला दोष देत नाही, त्याला मुख्य कचेरीतून आकडा विचारणारे फोन सारखे येत होते.

मग व्हॅन गेल्या. २०१७ मध्ये नवे गाव उभे राहिले, लोक राहायला गेले आणि पहिल्याच पावसात रस्ते खचले, काही ठिकाणी भराव वाहून गेला. तेव्हाही बातम्या आल्या, पण दोन-तीन दिवसच. तळीये २०२१ मध्ये असेच दरडीखाली गेले, इर्शाळवाडी २०२३ मध्ये गेली. इर्शाळवाडीत २७ मृतदेह मिळाल्यावर शोध थांबवण्यात आला आणि ५७ माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. प्रत्येक वेळी माझ्याकडे कोणीतरी माळीणची 'आठवण' मागायला येते. दोन दुर्घटनांच्या मधल्या वर्षांत, कोणत्या वाडीच्या डोक्यावरचा डोंगर भेगाळला आहे, हे विचारायला कोणीही येत नाही. रसिकाताईंच्या आईंना रडू द्या, त्याने आमचे काही गेले नाही. आमचे गेले ते या मधल्या वर्षांत.

ओंकारेश्वराजवळ
बुधवार, सकाळी ११.००

घोडनदी सर, आपले लिहिणे दोनदा वाचले. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आमचा वाडा नदीपासून फार लांब नव्हता. पाणी चढले, पाणी उतरले, आणि नंतर कित्येक दिवस भिजलेल्या धान्याचा आंबूस वास पेठांमधून हलला नाही. पानशेतच्या भिंतीवर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून धरण दिवसा फुटले आणि असंख्य माणसांना पळता आले, हे आमच्या पिढीत प्रत्येकाला ठाऊक आहे.

या चर्चेशी संबंधित एवढेच सांगतो की पुढची वीस-पंचवीस वर्षे या शहराची कालगणना त्या पुराने होत असे. "पुराच्या आधी लग्न झाले", "पुरानंतर गोखलेनगरला गेलो" अशी बोलण्याची पद्धत होती. माझी आजी सर्वपित्रीला आमच्या पितरांसोबत मागच्या खोलीतल्या काकूंचेही नाव घेत असे. त्या पुरात गेल्या होत्या आणि त्यांच्या मागे कोणी नव्हते. आजीने हे कोणाच्या सांगण्यावरून केले नव्हते. आजी गेल्यावर आईने ते चालू ठेवले, आणि आई गेल्यावर मी ते नाव घेत नाही, हे हा धागा वाचताना माझ्या लक्षात आले.

टिळकस्मारक
बुधवार, दुपारी ३.३०

वाहिन्यांचा प्रश्न मला वर्तमानपत्रांपेक्षा वेगळा वाटतो. पानाला निदान कडा असते, वाहिनी एकच विषय चोवीस तास ताणू शकते. १४ जून २०२० ला सुशांतसिंह राजपूत गेला आणि पुढचे काही महिने त्याच्या घरापासून तपास कार्यालयापर्यंतच्या प्रत्येक गाडीचा पाठलाग थेट दाखवला गेला. त्याच काळात पुण्यात खाटा मिळत नव्हत्या. सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला पुण्यातल्याच एका तरुण दूरचित्रवाणी पत्रकाराचा करोनाने मृत्यू झाला आणि त्याला वेळेवर सुसज्ज रुग्णवाहिका मिळाली नाही असे त्याच्या जवळच्यांनी सांगितले. वाहिन्यांचा स्वतःचा माणूस गेला, तरीही दोन दिवसांनी गाड्यांचा पाठलाग पुन्हा सुरू झाला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या समांतर खटल्यांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले.

यात नामवंताचाही मान राखला गेला नाही, हे लक्षात घ्यावे. श्रीदेवीच्या वेळी एका माणसाच्या मरणाचा खेळ झाला, त्याला शोक म्हणता येत नाही. नऊ मुलांना बोटभर जागा मिळाली आणि तिला चोवीस तास मिळाले, पण आदर दोघांनाही मिळाला नाही.

रसिका_ब
बुधवार, दुपारी ४.१०

टिळकस्मारक, हे मला मनापासून पटले. आईने टीव्ही लावलाच नव्हता.

अनघा_कोथरूड
बुधवार, रात्री १०.२५

सर्वांची उत्तरे वाचली. माझा प्रश्न मी एका तराजूसारखा मांडला होता, एका पारड्यात श्रीदेवी आणि दुसऱ्यात नऊ मुले. तो तराजू चुकीचा होता असे आता वाटते. पहिले पान कोणाचे असावे यापेक्षा त्या बोटभर बातमीत काय नव्हते हे मी पाहायला हवे होते. म्हणून आज तो कागद पुन्हा बघितला. नऊ या आकड्यापुढे एकही नाव नाही, शाळेचे नाव नाही, गाडीचालकाचे काय झाले याचा पुढचा भाग अर्थातच नाही. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडले, २६० माणसे गेली, त्यांत गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपाणीही होते. त्यांचे नाव मला लगेच आठवले आणि वाचलेल्या एकमेव प्रवाशाचा चेहराही आठवला. वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात जेवायला बसलेल्या मुलांपैकी मात्र एकाचेही नाव मला सांगता आले नाही.

जिल्हापान काका, एक विचारू का? पहाटे पावणेदोनला उतरवून घेतलेली ती सात नावे आपल्याकडे अजून आहेत का?

जिल्हापान
शुक्रवार, सायंकाळी ५.५०

अनघाताई, आपला प्रश्न वाचल्यावर माळ्यावरच्या दोन ट्रंका उघडल्या. ती वही सापडली. निळ्या शाईने लिहिलेले ते पान ओल लागून फुगले आहे. सहा नावे वयांसह स्पष्ट वाचता येतात. सातव्या ओळीत फक्त 'वय ११' एवढे शिल्लक आहे.

तो वार्ताहर आता हयात नाही, पण त्याच्या मुलाचे तालुक्याच्या गावी झेरॉक्सचे दुकान आहे. त्याला काल फोन केला. त्याने नवऱ्या मुलाच्या गावच्या पोलीस पाटलांना गाठले आणि आज दुपारी सातवे नाव मला कळवले. ती नवऱ्या मुलाची धाकटी बहीण होती. मी ते नाव वहीत त्याच ओळीत लिहिले आहे. येथे सातही नावे देत नाही, कारण घरच्यांना विचारलेले नाही. दिवाळी झाल्यावर त्या गावाला जाईन, तेव्हा विचारीन.